साडेसहा हजारांचा प्लाझ्मा: घरच्या पाहण्यासाठी आणि खेळासाठी

गेल्या दिवाळीनंतर माझ्या भाच्याने टीव्हीविषयी माझा सल्ला विचारला. तो मिरजेत आईबरोबर राहतो. त्याच्याकडे मित्राकडून घेतलेला प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल आहे आणि तो आजवर संगणकाच्या २२ इंची पडद्याला जोडून खेळत होता. "मामा, दहा हजारांच्या आत हॉलमध्ये ठेवण्यासारखा मोठा टीव्ही मिळेल का? आईलाही रात्री नाटकं आणि मालिका नीट दिसल्या पाहिजेत," असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला चांगला राखलेला जुना प्लाझ्मा, म्हणजे सपाट पडद्याचा एक जुन्या तंत्राचा टीव्ही, शोधू या असे सांगितले, तेव्हा त्याला आश्चर्य वाटले, कारण हे नाव त्याने दुकानात कधी ऐकलेच नव्हते. ते स्वाभाविकही आहे. पॅनासॉनिकने प्लाझ्माचे उत्पादन २०१३ च्या अखेरीस थांबवले आणि सॅमसंगने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये. त्यानंतर नवा प्लाझ्मा बाजारात आलेला नाही. तरीही, सांगलीतल्या माझ्या घरी अकरा वर्षे चाललेल्या एका संचाच्या अनुभवावरून आणि भाच्यासाठी शोधलेल्या दुसऱ्या संचाच्या अनुभवावरून, कमी पैशांत उत्तम चित्र हवे असलेल्या माणसाने या संचांचा आजही गांभीर्याने विचार करावा, असे माझे मत आहे.

माझा पहिला संच मी २०१४ च्या दसऱ्याला हरभट रोडवरच्या एका दुकानातून घेतला. ४३ इंची पडदा, ३४,००० रुपये किंमत. त्याच भिंतीवर लावलेला ४० इंची फुल एचडी एलईडी बारा हजारांनी महाग होता आणि खरे सांगायचे तर दुकानात तोच अधिक आकर्षक दिसत होता. छताला ओळीने ट्यूबलाइट, समोर रस्त्याचे ऊन, आणि त्या सगळ्या उजेडात एलईडीचे निळे-हिरवे रंग झळकत होते. प्लाझ्मा मात्र मंद आणि करडा वाटत होता, शिवाय त्याच्या काचेत माझाच चेहरा दिसत होता. मी दुकानदारांना विनंती करून शटर अर्धे खाली ओढायला लावले आणि दोन ओळींतले दिवे बंद करून घेतले. तेव्हा दोन्ही पडद्यांवर एकच रात्रीचे दृश्य चालू होते. एलईडीवरचे आकाश निळसर राखाडी दिसू लागले, त्याच्या खालच्या कडेला उजेडाचा पट्टा उमटला, आणि प्लाझ्मावरचे आकाश भिंतीच्या अंधारात मिसळून गेले. त्यात कंदिलाची पिवळी ज्योत तेवढी उठून दिसली. दुकानदार म्हणाले, "साहेब, असं अंधारात बघून टीव्ही घेणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं." संच घरात रात्री पाहायचा असेल तर तो तशाच अंधारात पारखला पाहिजे, आणि प्लाझ्मा बाजारातून जाण्यामागे दुकानांतला हा झगझगीत उजेड हेही एक कारण होते, असे मला वाटते. दुसरे कारण तांत्रिक होते. एलसीडी पडदे (एलईडी संचांतही हेच असतात) वर्षागणिक स्वस्त होत गेले आणि फोर-केसाठी, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या चित्रासाठी, लागणारे बारीक पिक्सेल (चित्राचे ठिपके) घरगुती आकाराच्या प्लाझ्मात परवडणाऱ्या किमतीत बसवणे अवघड ठरले.

हा फरक का पडतो ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय जुना संच पारखता येत नाही. एलईडी म्हणून विकला जाणारा सामान्य संच हा खरे तर एलसीडी पडदा असतो. त्याच्या मागे दिवे सतत जळत असतात आणि समोरचा द्रवस्फटिकांचा थर तो उजेड अडवण्याचे काम करतो. अडवणे कधीच पूर्ण होत नाही, म्हणून काळा रंग धुरकट दिसतो. प्लाझ्मात प्रत्येक पिक्सेलसाठी तीन सूक्ष्म कोठड्या असतात, त्यांत निऑन आणि झेनॉन वायू भरलेला असतो, विजेच्या झटक्याने त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते कोठडीच्या भिंतीवरच्या फॉस्फर नावाच्या लेपावर पडले की तो लेप लाल, हिरवा किंवा निळा उजेड देतो. जिथे काळे हवे तिथे कोठडी जवळजवळ विझलेलीच राहते. मागे दिवा नसल्यामुळे बाजूला बसून पाहिले तरी रंग फिके होत नाहीत. आमच्याकडे सणाला पंधरा माणसे जमतात आणि दाराजवळ खाली बसलेल्यालाही तेच चित्र दिसते. या तंत्राचा पहिला पडदा १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात, संगणकावरून शिकवण्याच्या प्रयोगासाठी तयार झाला होता आणि तो फक्त नारिंगी रंगात उजळत असे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक उभे केले, त्या आमच्या सांगलीत नाटकाचे चित्रीकरण घरोघरी पाहिले जाणारच. नाटकाचे चित्रीकरण ही प्लाझ्माची सर्वांत चांगली परीक्षा आहे, असे मी अनुभवाने सांगतो. मागे काळा पडदा, नटावर एकच प्रकाशझोत, आणि झोताच्या कडेला हळूहळू विरत जाणारा उजेड. स्वस्त एलईडीवर त्या कडेला पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसतात आणि काळ्या शालूचे काठ मागच्या अंधारात हरवतात. माझ्या संचावर शालूची वीणही वेगळी कळते.

दुसरी परीक्षा हालचालीची. एलसीडीचा पिक्सेल पुढचे चित्र येईपर्यंत तेच चित्र धरून ठेवतो, त्यामुळे डोळा पुढे सरकतो आणि चित्र मागे राहून पुसट होते. प्लाझ्माचा पिक्सेल छोट्या छोट्या स्पंदनांनी उजळतो आणि विझतो. जाहिरातीत ६०० हर्ट्झ असा आकडा असे, तो या स्पंदनांचा: सेकंदाला ६० चित्रे आणि प्रत्येक चित्राचे १० उपभाग. त्या आकड्याला फार महत्त्व देऊ नये, पण परिणाम खरा आहे. वेगवान गोलंदाजाच्या हातून सुटलेला चेंडू माझ्या संचावर गोल दिसतो, त्याला शेपूट फुटत नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे पाय वेगळे दिसतात. भाच्याने गाड्यांच्या शर्यतीचा खेळ पहिल्यांदा लावला, तेव्हा वळणावर कडेच्या झाडांची पाने ओळखू येतात हे त्यानेच आपणहून सांगितले. नेमबाजीच्या खेळात तर हा फरक गुण देणारा आहे, कारण मान वळवतानाही समोरचा गडी दिसत राहतो.

आता आकड्यांबद्दल लिहितो, कारण बहुतेक लोक तिथेच अडखळतात. माझ्या ४३ इंची प्लाझ्माचे रिझोल्यूशन, म्हणजे आडव्या आणि उभ्या पिक्सेलांची संख्या, १०२४ बाय ७६८ आहे. फुल एचडीत सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, इथे आठ लाखांनाही थोडे कमी आहेत, आणि तेही चौरस नसून आडवे आहेत. कागदावर हे फारच मागासलेले दिसते. परंतु आमच्या हॉलमध्ये सोफा आणि पडदा यांत साडेनऊ फुटांचे अंतर आहे, आणि एवढ्या अंतरावरून ४३ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे वेगळे पिक्सेल सामान्य डोळ्याला टिपताच येत नाहीत. साडेपाच-सहा फुटांपेक्षा जवळ बसले तरच त्यांचा पूर्ण उपयोग होतो. साडेनऊ फुटांवर जे जाणवते ते काळ्या-पांढऱ्यातले अंतर, रंग आणि हालचाल. म्हणून घरातले अंतर आधी टेपने मोजावे आणि मग रिझोल्यूशनचा विचार करावा. पाच फुटांवर बसून खेळायचे असेल किंवा संगणक जोडून अक्षरे वाचायची असतील, तर मात्र हा पडदा घेऊ नये. आडव्या पिक्सेलमुळे लहान अक्षरे कडांना विस्कटतात आणि जवळून पाहिले की गडद भागांत बारीक ठिपक्यांची वळवळ दिसते. ५० इंचांच्या पुढचे काही प्लाझ्मा पूर्ण फुल एचडी होते; तसा चांगल्या स्थितीतला मिळाला तर थोडे जास्त पैसे देण्यास हरकत नाही.

दोष बरेच आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की आमच्या संचावर खिडकीचे गज दिसतात, बातमी दिसत नाही. जाड पडदा लावावाच लागला. संपूर्ण पांढरे दृश्य आले की संच स्वतःहून उजेड कमी करतो, त्यामुळे बर्फाचे मैदान थोडे मळकट वाटते. सेट-टॉप बॉक्सच्या ५० हर्ट्झ चित्रात उजळ भाग काही डोळ्यांना थरथरताना दिसतो. काळ्यावर पांढरी वस्तू वेगाने सरकली तर तिच्या कडेला क्षणभर पिवळट-हिरवी रेघ उमटते. उन्हाळ्यात संचाच्या वरच्या जाळीतून गरम हवा येते आणि शांत रात्री मागून बारीक गुणगुण ऐकू येते. विजेचेही पाहावे: प्लगमध्ये बसणाऱ्या मीटरने मी मोजले, तेव्हा अंधाऱ्या नाटकाला ७० वॅट आणि दिवसाच्या क्रिकेट सामन्याला १६० च्या वर वॅट लागत होते. सरासरी १२० धरली आणि तेवढ्याच आकाराच्या नव्या एलईडीचे ७० धरले, तर रोज पाच तासांच्या हिशेबाने महिन्याला सात-आठ युनिटांचा फरक पडतो. ज्यांचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या काठावर असतो, त्यांनी हे नीट पाहावे, कारण शंभरच्या पुढे दर चढतो.

वजनाचा धडा मला २०१९ च्या ऑगस्टमध्ये मिळाला. कृष्णेचे पाणी सांगलीच्या गावभागात शिरायला लागले, तेव्हा आम्ही दोघा भावांनी तो सतरा-अठरा किलोंचा संच अरुंद जिन्याने वरच्या मजल्यावर नेला. धाकटा भाऊ घाईत तो आडवा धरून डोक्यावर घ्यायला निघाला होता. मी ओरडून थांबवले. प्लाझ्माची काच मोठी, पातळ आणि जड असते. तो आडवा नेला की स्वतःच्याच भाराने ती वाकून कोपऱ्यातून तडा जाण्याची भीती असते, आणि तडा गेला की दुरुस्ती नाही. उभाच न्यायचा, उभाच ठेवायचा. त्या रात्री तो गहूतांदळाच्या पोत्यांमध्ये गोधडी गुंडाळून उभा राहिला आणि पाणी ओसरल्यावर पहिल्या बटणात सुरू झाला.

त्यानंतर दोन वर्षांनी तो एकदा खरेच बंद पडला. लाल दिवा लुकलुके, आत टक-टक असा रिलेचा आवाज येई आणि पडदा काळाच राही. सेवा केंद्राचा माणूस आला, मागचे झाकण न उघडताच "पॅनेल गेलं, पार्ट येत नाहीत, भंगारात द्या" असे सांगून भेटीचे पैसे घेऊन गेला. मला हे आजही लागून राहिले आहे, कारण मिरजेतल्या एका जुन्या मेकॅनिकने झाकण उघडताच पॉवर सप्लायच्या बोर्डावरचे दोन फुगलेले कॅपॅसिटर बोटाने दाखवले, ते बदलले आणि ९०० रुपये घेतले. पॅनेलला काहीही झालेले नव्हते. कंपन्या पडद्याचे आयुष्य उजेड निम्म्यावर येईपर्यंत ६०,००० ते १,००,००० तास सांगत असत. रोज पाच तास धरले तर बारा वर्षांत २२,००० तासही भरत नाहीत. बिघडतात ते बोर्ड, आणि बोर्ड बहुधा दुरुस्त होतात. म्हणून जुना प्लाझ्मा घेण्याआधी बोर्डावर बसून काम करणारा मेकॅनिक आपल्या गावात आहे का, याची चौकशी करावी, आणि सोबत एक चांगला स्टॅबिलायझर लावावा.

भाच्यासाठी आम्ही तीन संच पाहिले. पेन ड्राइव्हवर पूर्ण पांढरे, करडे, लाल, हिरवे, निळे आणि काळे असे सहा साधे पडदे भरून नेले होते. जुना संच पाहायला जाणाऱ्याने हे सोबत न्यावेच. पहिला संच विश्रामबागेतल्या एका खानावळीतला होता. तिथे दिवसभर बातम्यांची वाहिनी चालत असे, आणि करडा पडदा लावताच खालच्या बाजूला वाहत्या पट्टीची चौकट आणि कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह स्पष्ट उमटलेले दिसले. एकाच जागी फार वेळ राहिलेल्या चित्राचा हा कायमचा डाग होता. चार हजार मागत होते, तरी आम्ही परत फिरलो. दुसरा कुपवाडला, दिसायला अगदी नवा. तो सुरुवातीला उत्तम चालला, पण वीस मिनिटांनी गरम झाल्यावर काळ्या पडद्यावर लाल-हिरवे ठिपके चमकायला लागले. पडद्याला विजेचा दाब पुरवणारा बोर्ड थकत आल्याची ही खूण आहे, म्हणून कोणताही जुना प्लाझ्मा किमान अर्धा तास चालवल्याशिवाय पसंत करू नये. मालकांना घाई असती आणि त्यांनी पाच मिनिटांत बंद करायला सांगितले असते, तर आम्ही तोच घेऊन आलो असतो.

तिसरा मिरजेतच, भाच्याच्या घरापासून तीन गल्ल्यांवर एका निवृत्त दांपत्याकडे मिळाला. मागच्या लेबलवर २०१३ सालची बनावट होती, रिमोट मूळचा होता, आणि आजी म्हणाल्या, "आम्ही संध्याकाळी सात ते साडेनऊ एवढंच बघतो, मुलानं नवा आणलाय म्हणून देतोय." संच चाळीस मिनिटे चालवला. पाच-सहा वेळा बंद-चालू केला, प्रत्येक वेळी एकाच ठोक्यात उठला. पांढऱ्या पडद्यावर कान मागे लावून ऐकले, गुणगुण माझ्या संचापेक्षा कमी होती. दोष एकच: वरच्या उजव्या कोपऱ्यात एका वाहिनीच्या बोधचिन्हाची फिकट सावली, जी करड्या पडद्यावर दिसत होती आणि चालत्या चित्रात दिसत नव्हती. आठ हजार सांगितले होते, साडेसहा हजारांत ठरले. टेम्पोत दोन गाद्यांच्या मध्ये उभा बांधून आम्ही तो नेला आणि भाचा मागे त्याला धरून बसला होता.

खेळासाठी जोडणी करताना एक गोष्ट मुद्दाम करावी लागते. संच चित्र सुधारण्यासाठी जी प्रक्रिया करतो, तिला वेळ लागतो. बटण दाबल्यावर पडद्यावरचा खेळाडू उडी मारायला उशीर करतो, असे वाटते. सेकंदाला ६० चित्रांच्या खेळात एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे तीन-चार चित्रांचा उशीरही बोटांना लगेच कळतो. आम्ही आधी गेम मोड चालू केला, त्याने फरक पडला. मग त्या एचडीएमआय इनपुटचे नाव बदलून ‘पीसी’ केले, आणि त्याने आणखी स्पष्ट फरक पडला, कारण काही संच हे नाव दिल्यावर उरलेली बरीच प्रक्रिया सोडून देतात. कन्सोल ७२०पी वर ठेवून आणि १०८०पी (म्हणजे फुल एचडी) वर ठेवून दोन्ही पाहिले. या संचावर १०८०पी मध्ये कडा किंचित मऊ आणि नैसर्गिक आल्या, म्हणून तेच ठेवले. एचडीआर (उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारे चित्र) आणि १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रे) इथे मिळणार नाहीत. प्लेस्टेशन ५ वा त्यापुढचे यंत्र घेऊन त्याचे पूर्ण काम पाहायचे असेल, तर प्लाझ्मा त्यासाठी नाही.

खेळांत जीवनरेषा, नकाशा आणि गोळ्यांचा आकडा तासन्‌तास एकाच जागी असतात, आणि प्लाझ्माला त्याचीच भीती. आम्ही कॉन्ट्रास्ट शंभरवरून साठावर आणला, सेल लाइट, म्हणजे कोठड्यांचा उजेड, मधल्या आकड्यावर ठेवला, ऑर्बिटर म्हणजे चित्र थोडे थोडे सरकवणारी सोय चालू केली, आणि दीड तासांनंतर खेळ थांबवून पूर्ण पडदाभर काहीतरी पाहायचे असा घरात नियम केला. जिथे खेळात परवानगी आहे तिथे नकाशा फिका केला. ही काळजी घेण्याची ज्यांची तयारी नाही, किंवा ज्यांच्या घरी दिवसभर बातम्या चालू राहतात, त्यांनी हा संच घेऊ नये. हे मी अगदी आग्रहाने सांगतो, कारण चांगला संच अशा घरात दोन वर्षांत खराब होताना मी पाहिला आहे.

नव्याचा विचारही आम्ही प्रामाणिकपणे केला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने ४३ इंची फोर-के एलईडी तेव्हा वीस हजारांच्या आसपास मिळू लागला होता. त्याला वॉरंटी असते, त्यातच ॲप असतात, तो आठेक किलोंचा असतो आणि उजेडाच्या हॉलमध्ये तो निश्चितच अधिक चांगला दिसतो. वीस हजार हाताशी असतील आणि हॉलमध्ये दिवसाच टीव्ही पाहिला जात असेल, तर तोच घ्यावा. पण त्या किमतीतल्या एलईडीवर काळा रंग करडाच राहतो आणि त्याच्या खोक्यावर एचडीआर लिहिलेले असले तरी ते दाखवण्याइतका उजेड त्यात नसतो. प्लाझ्मासारखा काळा रंग आज हवा असेल तर ओएलईडीकडे, म्हणजे ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो अशा पडद्याकडे, जावे लागते, आणि ती किंमत अनेक पटींनी वर जाते. साडेसहा हजारांचा संच, दोन हजारांचा स्टॅबिलायझर आणि ॲपसाठी एचडीएमआयला लावायची एक स्टिक एवढ्यात बहिणीच्या घरचे काम झाले. स्टिकला वीज मात्र तिच्या स्वतःच्या अडॅप्टरने द्यावी, संचाच्या यूएसबीवर ती अधूनमधून बंद पडत होती.

आता दोन महिने झाले. बहीण रात्री जेवणे आटोपली की दिवा बंद करून नाटक लावते, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे आता चेहऱ्याला चेहऱ्याचा रंग दिसतो. कोपऱ्यातल्या सावलीसाठी पहिल्या आठवड्यात रोज दोन तास पडदाभर बदलती चित्रे चालवली; दहाव्या दिवशी करडा पडदा लावला तेव्हा ती जवळ जाऊन शोधावी लागली. भाचा दर रविवारी तोच करडा पडदा लावून पाहतो आणि मला फोटो पाठवतो. परवाच्या फोटोत ती मला सापडली नाही.